उंबरठ्यावर अडलेला पत्ता : हातकणंगले परिसर, घरगुती राउटर आणि आयपीव्ही-६

कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व भागातील हातकणंगले तालुक्याचा आर्थिक इतिहास सामान्यतः ऊस, यंत्रमाग आणि चांदी या तीन व्यवसायांच्या आधारे सांगितला जातो. १८९१ मध्ये सुरू झालेल्या कोल्हापूर-मिरज लोहमार्गावरील हातकणंगले स्थानक, स्वतःचे रेल्वे स्थानक नसल्यामुळे त्या स्थानकावर विसंबणारी इचलकरंजीची कापडपेठ, हुपरीचे चांदी कारागीर आणि वारणा-पंचगंगेच्या खोऱ्यातील साखर कारखाने हे या इतिहासाचे ठळक घटक आहेत. या सर्व व्यवहारांना, मग ते कापडाच्या गाठींचे असोत वा ऊसबिलांचे, पाठवलेली वस्तू किंवा निरोप नेमक्या दारी पोहोचवणारी पत्त्यांची व्यवस्था लागते, आणि गेल्या पन्नास वर्षांत हा परिसर अशा एकाहून अधिक व्यवस्थांत सामावला गेला आहे. त्यांपैकी सर्वांत अलीकडची आणि सर्वांत रेंगाळलेली व्यवस्था म्हणजे इंटरनेटचा नवा पत्तामानक आयपीव्ही-६ होय. हा मानक १९९५ च्या अखेरीस कागदावर सिद्ध झाला होता. तरी घरोघरच्या राउटरमध्ये तो नीट उतरायला पुढची सुमारे दोन दशके लागली. या दिरंगाईचे कारण तारांत किंवा कायद्यात जितके शोधावे लागते, त्याहून अधिक ते तार आणि घर यांच्या मधोमध बसवलेल्या लहानशा डब्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि ते सॉफ्टवेअर सुधारण्याची जबाबदारी नेमकी कोणाची याच्या अनुत्तरित प्रश्नात सापडते.

इंटरनेटशी जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक अंकी पत्ता असतो आणि माहितीची प्रत्येक पुडी, म्हणजे पॅकेट, त्या पत्त्याच्या आधारे मार्ग काढत जाते. १९८० च्या दशकाच्या आरंभी रूढ झालेल्या आयपीव्ही-४ या मानकात हा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे शून्य किंवा एक अशा ३२ अंकांचा असतो; त्यामुळे शक्य असलेल्या पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटींपुढे जाऊ शकत नाही. प्रयोगशाळा आणि विद्यापीठे यांच्यापुरत्या जाळ्याला ही संख्या अमाप वाटली, परंतु १९९० च्या दशकात ती अपुरी पडणार हे स्पष्ट झाले. त्यावर दोन उपाय जवळपास एकाच वेळी पुढे आले. पहिला उपाय तात्पुरता होता : मे १९९४ मध्ये ‘नॅट’ ही पद्धत प्रसिद्ध झाली, जिच्यात घरातील वा कार्यालयातील अनेक यंत्रे आतल्या आत खासगी पत्ते वापरतात आणि बाहेर जाताना सर्वांच्या वतीने एकच सार्वजनिक पत्ता दाखवला जातो. दुसरा उपाय कायमस्वरूपी होता : डिसेंबर १९९५ मध्ये इंटरनेट अभियंत्यांच्या मानकमंडळाने आयपीव्ही-६चा पहिला मसुदा प्रसिद्ध केला, जो डिसेंबर १९९८ मध्ये सुधारण्यात आला. या मानकातील पत्ता १२८ बिटांचा असल्याने एकूण पत्त्यांची संख्या ३४ वर ३७ शून्ये इतकी होते. भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे देशात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले त्याच वर्षी त्याच्या जुन्या पत्त्याला पर्यायही तयार झाला होता.

नव्या पत्त्याच्या नशिबी आलेली अडचण समजण्यासाठी टपाल खात्यातील एका बदलाशी त्याची तुलना उपयोगी पडते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशभर पिनकोड लागू झाला. त्याची आखणी संस्कृत कवी म्हणूनही ओळखले जाणारे टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली. हातकणंगल्याला ४१६१०९ आणि इचलकरंजीला ४१६११५ असे क्रमांक मिळाले. यातील पहिला अंक विभाग, पहिले दोन उपविभाग आणि पहिले तीन वर्गवारीचा जिल्हा दाखवतात, तर उरलेले तीन वाटपाचे टपाल कार्यालय ठरवतात; त्यामुळे दूरच्या वर्गवारी केंद्राला गावाचे नाव वाचण्याचीही गरज राहत नाही. आयपीव्ही-६चा पत्ताही असाच उतरत्या क्रमाने वाचला जातो : आरंभीचे बिट सेवापुरवठादार दाखवतात, मधले ग्राहकाचे घर आणि अखेरचे ६४ घरातील विशिष्ट यंत्र. मात्र दोहोंत एक मूलभूत भेद आहे. पिनकोड जुन्या पत्त्याच्या शेवटी लिहिला गेला. ज्याने तो लिहिला नाही त्याचेही पत्र, थोडे उशिरा का होईना, पोहोचत राहिले. आयपीव्ही-६ जुन्या पत्त्याला जोडला गेला नाही, तो त्याच्या शेजारी स्वतंत्रपणे उभा राहिला, आणि केवळ जुना पत्ता जाणणारे यंत्र नव्या पत्त्याच्या यंत्राशी थेट बोलूच शकत नाही. परिणामी वाटेवरील प्रत्येक यंत्राला, घरातील शेवटच्या डब्यासह, दोन्ही पद्धती शिकवणे अपरिहार्य ठरले. पिनकोडचा भार टपाल कार्यालयांनी उचलला. नव्या मानकाचा भार मात्र थेट घराच्या उंबरठ्यापर्यंत आला.

या परिसरातील ग्रामीण संगणकजाळ्याचा पहिला मोठा प्रयोग घरापर्यंत गेलाच नव्हता. हातकणंगले तालुक्याच्या वायव्य सीमेलगत असलेल्या वारणानगर येथे १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प आखण्यात आला. पंतप्रधान कार्यालयाच्या माहिती तंत्रज्ञान कृतिदलाच्या पुढाकाराने, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, राज्य शासन आणि वारणा सहकारी समूह यांच्या सहभागातून तो उभा राहिला आणि त्यात कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावे घेण्यात आली. गावातील केंद्रावर संगणक ठेवायचा, तो वारणेच्या मध्यवर्ती यंत्रणेशी जोडायचा आणि ऊसनोंद, तोडणीचा क्रम, काट्यावरील वजन व बिलाची रक्कम शेतकऱ्याला गावातच कळावी अशी सोय करायची, हे त्याचे स्वरूप होते. जाळे एका संस्थेच्या ताब्यात असल्याने प्रत्येक यंत्राला सार्वजनिक पत्ता असण्याचा प्रश्न तेथे उद्भवला नाही. पुढे बेंगळुरू येथील मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी काही गावांत ‘वारणा अनवायर्ड’ हा प्रयोग केला, ज्यात संगणकाची जागा लघुसंदेश पाठवणाऱ्या मोबाइलने घेतली. त्याचा अहवाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. खर्चिक आणि देखभाल मागणाऱ्या स्थिर यंत्राला बाजूला सारून हातातला फोन पुढे जातो, हा क्रम दशकभरानंतर पत्त्यांच्या इतिहासातही दिसून आला.

घरगुती राउटरचा शिरकाव त्यानंतरचा. भारत संचार निगमने जानेवारी २००५ मध्ये ‘डेटावन’ या नावाने ब्रॉडबँड सेवा सुरू केली आणि एसटीडीचा ०२३० हा संकेतांक असलेल्या इचलकरंजी-हातकणंगले पट्ट्यासारख्या भागांतही टेलिफोनच्या त्याच तांब्याच्या तारेवरून इंटरनेट मिळू लागले. लोक ज्याला सरसकट ‘मोडेम’ म्हणत, त्या डब्यात वस्तुतः दोन यंत्रे एकत्र होती : टेलिफोनच्या तारेवरील संकेत ओळखणारा मोडेम आणि घरातील अनेक संगणकांना एका जोडणीवर चालवणारा राउटर. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ असे टाइप केले की त्याचे अंतरंग उघडे, आणि तेथे ग्राहकाचे नाव व पासवर्ड एकदा भरून ठेवला की तो डबा वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येत नसे. त्याच्या आत नॅटची व्यवस्था चोख होती. एका सार्वजनिक पत्त्यावर सारे घर चालत होते, आणि त्यामुळे पत्त्यांच्या टंचाईची झळ ग्राहकाला जाणवत नव्हती. तात्पुरता उपाय इतका यशस्वी ठरला की कायमच्या उपायाची निकड कोणालाच वाटेना.

या डब्याच्या सॉफ्टवेअरचे, म्हणजे फर्मवेअरचे, अर्थकारण पाहिल्यावाचून पुढचा इतिहास उलगडत नाही. फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या कायम स्मृतीत, फ्लॅश चिपमध्ये, कारखान्यातच भरलेली कार्यप्रणाली होय. लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या गाभ्यात आयपीव्ही-६ चे पहिले काम १९९६ मध्येच आले होते, आणि असंख्य घरगुती राउटर याच गाभ्यावर चालत. तरीही उत्पादक तो भाग बहुधा वगळत, कारण २ किंवा ४ मेगाबाइट फ्लॅशमध्ये बसेल तेवढेच सॉफ्टवेअर भरल्यास प्रत्येक डब्यामागे काही रुपये वाचत. डिसेंबर २००२ मध्ये बाजारात आलेल्या लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी-५४-जी या राउटरचे उदाहरण या दृष्टीने बोधक आहे. त्यात लिनक्स असल्याचे उघड झाल्यावर परवान्याच्या अटीनुसार २००३ मध्ये त्याचा मूळ संकेत, म्हणजे सोर्स कोड, खुला करावा लागला, आणि त्यातूनच २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा स्वयंसेवी प्रकल्प उभा राहिला. पुढे २००५ मधील आवृत्तीत कंपनीने लिनक्सऐवजी दुसरी कार्यप्रणाली घालून फ्लॅश २ मेगाबाइटवर आणि स्मृती ८ मेगाबाइटवर आणली; नाव व रूप तेच राहिले, परंतु आत नवे काही शिकण्याची जागा उरली नाही.

या उद्योगाची एक शाखा मराठी-कोकणी मुलखातही रुजली. डी-लिंक इंडिया आणि ‘डिजिसोल’ या नावाने राउटर विकणारी स्मार्टलिंक या दोन्ही कंपन्यांचा पत्ता गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीचा आहे. त्यांची उत्पादने कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी येथील संगणक दुकानांतून सहज मिळत. तथापि स्वस्त राउटरमधील चिप आणि तिच्यासोबतचा सॉफ्टवेअर संच सामान्यतः परदेशी चिप उत्पादकाकडून येतो. त्यावर नाव घालणारी कंपनी त्यात मर्यादित फेरफार करते आणि पुढचे मॉडेल बाजारात आले की जुन्याच्या सुधारणा थांबतात. दुकानदाराला नवा डबा विकण्यात स्वारस्य असते, सेवापुरवठादाराला तक्रार न येण्यात आणि ग्राहकाला नेट चालू राहण्यात; जुन्या डब्यात नवा मानक उतरावा यात या साखळीतील कोणाचाही प्रत्यक्ष लाभ नव्हता.

राउटरला आयपीव्ही-६ ‘येते’ असे म्हणण्यासाठी त्याला किमान चार कामे जमावी लागतात. सेवापुरवठादाराच्या जाळ्यावर स्वतःसाठी पत्ता मिळवणे, हे पहिले. दुसरे काम नॅटच्या काळात नव्हतेच : घरासाठी पत्त्यांचा आख्खा पट्टा मागून घेणे. या पद्धतीला उपसर्ग-प्रदान म्हणता येईल आणि तिचा मानक डिसेंबर २००३ चा आहे. पुरवठादाराने पत्त्याचे पहिले ५६ बिट ठरवून दिले, तर घरातील एका उपजाळ्यासाठी लागणारे ६४ बिट होईपर्यंत ८ बिट ग्राहकाकडे उरतात, आणि त्यांतून २५६ वेगवेगळी उपजाळी करता येतात. राहत्या घराला एक, खालच्या मजल्यावरच्या मागांच्या कारखान्याला दुसरे, कॅमेऱ्यांना तिसरे असे. तिसरे काम म्हणजे हा पट्टा घरातील यंत्रांना ठरावीक काळाने जाहीर करत राहणे, ज्यावरून प्रत्येक यंत्र आपला पत्ता आपणच घडवते. चौथे काम सर्वांत महत्त्वाचे : नॅटमुळे बाहेरून आत येण्याची वाट आपोआप बंद असे, नव्या व्यवस्थेत मात्र प्रत्येक यंत्र जगाला थेट दिसू शकते, म्हणून न मागितलेली वाहतूक दारातच रोखणारी फायरवॉल राउटरला मुद्दाम उभारावी लागते.

आरंभीच्या फर्मवेअरमध्ये ही चार कामे क्वचितच पूर्ण झालेली आढळतात. काही राउटरांत ‘पास-थ्रू’ असा पर्याय असे. त्यात राउटर नव्या मानकाच्या पुड्या न तपासता जशाच्या तशा आत सोडत असे, म्हणजे चौथे काम सोडूनच देत असे. काही राउटर ‘६-टू-४’ या पद्धतीने नव्या पुड्या जुन्या पुड्यांत गुंडाळून दूरच्या अनोळखी केंद्राकडे पाठवत; २००१ मध्ये प्रमाणित झालेल्या या पद्धतीत पुड्या वाटेतच हरवण्याचे प्रमाण इतके होते की तिच्या सार्वजनिक केंद्रांवर आधारलेला भाग २०१५ मध्ये अधिकृतपणे मोडीत काढावा लागला. घरगुती राउटरने काय करावे याची स्पष्ट यादी मानकमंडळाने एप्रिल २०११ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली, म्हणजे मूळ मानकानंतर पंधरा वर्षांनी, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. ओपनडब्ल्यूआरटीच्या २०१४ मधील ‘बॅरियर ब्रेकर’ या आवृत्तीत पत्ता मिळवणे, पट्टा मागणे आणि तो घरात वाटणे ही कामे मूळ रचनेचाच भाग बनली. याच सुमारास नामांकित कंपन्यांच्या फर्मवेअरमध्येही ती दिसू लागली, पण बहुतेकदा मेनूच्या तळाशी आणि बंद स्थितीत.

दरम्यान टंचाई प्रत्यक्षात उतरली होती. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील आयपीव्ही-४चे शेवटचे गट वाटले गेले आणि १५ एप्रिल २०११ रोजी आशिया-प्रशांत विभागाच्या एपनिक या संस्थेने उरलेला साठा काटकसरीने देण्यास सुरुवात केली. तेव्हापासून नव्या सदस्याला या अखेरच्या साठ्यातून कमाल १०२४ पत्ते, आणि २०१९ पासून फक्त ५१२ पत्ते मिळू लागले. ६ जून २०१२ रोजी जगभरातील मोठ्या संकेतस्थळांनी आयपीव्ही-६ कायमचे चालू केले, आणि त्या उपक्रमात सिस्को व डी-लिंक यांनी आपल्या घरगुती राउटरांत ते आरंभापासूनच चालू ठेवण्याचे मान्य केले. भारतात दूरसंचार विभागाने जुलै २०१० मध्ये पहिला आणि मार्च २०१३ मध्ये दुसरा राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला. दुसऱ्या आराखड्यानुसार देशाकडे सुमारे साडेतीन कोटी आयपीव्ही-४ पत्ते होते, तर डेटा वापरणाऱ्यांची संख्या ३६ कोटींच्या घरात होती. ३० जून २०१४ नंतरची प्रत्येक नवी घरगुती तारजोडणी नव्या मानकाची वाहतूक नेण्यास सक्षम असावी, आणि पुरवठादारांच्या मालकीचे ग्राहकांकडील जुने डबे २०१४ पासून दरवर्षी २५ टक्क्यांच्या टप्प्याने बदलून डिसेंबर २०१७ पर्यंत सर्व बदलले जावेत, असे त्यात ठरवले होते. हे वेळापत्रक पाळले गेले नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये विभागाने याच दोन कामांसाठी ३१ डिसेंबर २०२२ ही नवी मुदत दिली. शासकीय धोरणाने ग्राहकाच्या घरातील डब्याचा स्वतंत्रपणे उल्लेख करावा आणि त्याच्याच बदलीची मुदत चुकावी, यावरून अडथळ्याचे नेमके स्थान ध्यानात येते.

या स्तब्धतेला बगल दिली ती मोबाइलने. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा खुली झाली आणि चौथ्या पिढीचे हे जाळे प्रथमपासूनच आयपीव्ही-६वर बेतलेले होते. ज्या कंपनीकडे जुन्या पत्त्यांचा साठा नाही आणि ज्या ग्राहकाकडे जुना डबा नाही, त्या दोघांनाही नव्या मानकाचा अडसर वाटण्याचे कारण नव्हते. मोबाइलमध्ये पुरवठादाराचे जाळे आणि वापरकर्ता यांच्यामध्ये घरगुती राउटरच नसतो. शिवाय फोनच्या कार्यप्रणालीत, उदाहरणार्थ २०१३ मधील अँड्रॉइडच्या ४.३ या आवृत्तीपासून, केवळ नव्या पत्त्यावर चालूनही जुन्या संकेतस्थळांशी बोलण्याची दुभाष्याची सोय आलेली होती, आणि फोन लोक दोन-चार वर्षांत बदलत. परिणामी उसाच्या फडात उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा फोन नव्या मानकावर गेला आणि त्याच्याच घरातला ब्रॉडबँडचा डबा जुन्यावर राहिला. आज गूगलच्या मापनात भारतातील निम्म्याहून बरेच अधिक वापरकर्ते आयपीव्ही-६वरून येताना दिसतात आणि देश जगात आघाडीवर गणला जातो. हे यश प्रामुख्याने मोबाइलचे आहे.

तालुक्यातील घरोघरच्या तारेचे चित्र २०१५ नंतर पुन्हा बदलले, ते केबल टीव्हीवाल्यांमुळे. गावागावांत खांबांवरून टीव्हीची केबल नेणाऱ्या चालकांनी फायबर ओढून इंटरनेट द्यायला सुरुवात केली. कोणी मोठ्या कंपनीची फ्रँचायझी घेतली, कोणी लहान पुरवठादाराशी भागीदारी केली. या लहान पुरवठादारांच्या वाट्याला पाचशे-हजार पत्तेच येत असल्याने त्यांनी नॅटचाच दुसरा मजला चढवला : घरातल्या राउटरने एकदा आणि पुरवठादाराच्या यंत्रणेने पुन्हा एकदा, असे पत्त्याचे दुहेरी रूपांतर. अशा ग्राहकाने राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहिल्यास तो अनेकदा १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होणारा आढळतो. हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. त्याचा व्यवहारातील परिणाम असा की हुपरीच्या चांदी कारागिराला दुकानातील किंवा इचलकरंजीच्या कारखानदाराला मागांच्या शेडमधील सीसीटीव्ही बाहेरगावाहून थेट पाहता येत नाही. त्याला एक तर जादा पैसे मोजून स्थिर पत्ता घ्यावा लागतो, नाही तर कॅमेरा कंपनीच्या परदेशातील सर्व्हरमार्फत आपल्याच दुकानाचे चित्र मागवावे लागते. दुसरीकडे एकाच पत्त्यामागे शेकडो घरे असल्याने कोणत्या क्षणी कोणते घर त्या पत्त्यावर होते याच्या नोंदी परवान्याच्या अटीनुसार पुरवठादाराला जपाव्या लागतात. वास्तविक लहान पुरवठादाराला आयपीव्ही-६ चे पत्ते अमाप मिळतात. परंतु फायबर घरात आणणाऱ्या स्वस्त डब्याचे, म्हणजे ओएनटीचे, फर्मवेअर आणि त्याला जोडलेला ग्राहकाचा जुना वायफाय राउटर या दोहोंपैकी एकाने जरी पट्टा पुढे दिला नाही, तरी घरातील यंत्रांना त्याचा उपयोग होत नाही.

या सर्व घडामोडी एकत्र पाहिल्यास घरगुती राउटरच्या सॉफ्टवेअरचा इतिहास सुधारणेचा कमी आणि बदलीचा अधिक असल्याचे दिसते. फर्मवेअर अद्ययावत करून जुन्या डब्यात नवा मानक आणण्याची तांत्रिक शक्यता होती आणि ओपनडब्ल्यूआरटीच्या स्वयंसेवकांनी ती शेकडो मॉडेलांवर सिद्ध करून दाखवली. मात्र ४ मेगाबाइट फ्लॅशचे राउटर कालांतराने त्या प्रकल्पालाही वगळावे लागले, आणि मूळ फर्मवेअर काढून दुसरे बसवण्याचे काम सामान्य कुटुंब किंवा गावचा केबलचालक करत नाही. नवा मानक घरात येतो तो तांब्याची तार जाऊन फायबर आल्यावर, वीज पडून जुना डबा जळाल्यावर किंवा पुरवठादाराने जोडणीसोबत नवा ओएनटी बसवल्यावर. म्हणूनच या प्रक्रियेत निर्णायक ठरते ती नव्याने बसणाऱ्या डब्यातील मूळ मांडणी : आयपीव्ही-६ आणि त्याची फायरवॉल ही दोन्ही कारखान्यातूनच चालू स्थितीत आली, तर ग्राहकाला काही न कळता बदल घडतो, ती बंद आली, तर पुढची पाच-सात वर्षे बंदच राहते. हातकणंगले परिसरातील कापड, चांदी आणि उसाचे व्यवहार आता मोठ्या प्रमाणात याच डब्यांतून होत असताना, पत्त्याची ही व्यवस्था पूर्णत्वास नेण्याचे काम ग्राहकाच्या उत्साहावर सोडून भागणार नाही. पिनकोडप्रमाणे तिचा भार वाटप करणाऱ्यानेच उचलावा लागेल, आणि येथे वाटप करणारा म्हणजे डबा घडवणारा उत्पादक व तो भिंतीवर ठोकून देणारा पुरवठादार होय.